वर आषाढ, खाली फाल्गुन

बुरशीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती नेमून दिलेलं काम करते, वेळेवर येते, रविवारची सुट्टी मागत नाही. तक्रार आहे ती बाकी सगळ्यांबद्दल. ती लेखी मांडतो आहे, कारण तोंडी सांगायला गेलं की दुसऱ्याच वाक्याला समोरचा विचारतो, "मग मातीतच काहून नाही लावत जी?" आणि उठून चहा कुठवर आला ते बघायला जातो.

विषय एवढाच आहे. गुलाबाची, जास्वंदीची, मोगऱ्याची नाहीतर क्रोटनची काडी कापायची. ती मातीऐवजी कोकोपीट, धुतलेली रेती किंवा परलाइट अशा माध्यमात खोचायची. आणि मुळं फुटेपर्यंत ती कुजू द्यायची नाही. जगात माणसं याहून अवघड कामं पार पाडतात. त्यांच्या घरी बहुधा पाहुणे येत नसावेत.

मी राहतो ते खैरलांजी मध्य प्रदेशातलं, बालाघाट जिल्ह्यातलं, तहसिलीचं ठिकाण. महाराष्ट्रातल्या वाचकाला या नावाने भंडारा जिल्ह्यातलं गाव आणि २००६ सालचं हत्याकांड आठवतं. ते आठवायलाच हवं, पण ते गाव वेगळं. आमच्याकडे वैनगंगा आहे, धान आहे आणि वर्षाला चौदाशे-पंधराशे मिलिमीटर पाऊस आहे. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. त्या चार महिन्यांत मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही आणि कपाटातल्या चपलेवर हिरवी लव धरते. १९५६ साली राज्यं नव्याने आखली तेव्हा नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आम्ही घरात मराठी नाहीतर पोवारी बोलतो आणि अर्ज हिंदीत करतो. बुरशीने ही पुनर्रचना अजून मान्य केलेली नाही. नदीच्या दोन्ही काठांवर तिचा कारभार एकच आहे.

माती का नको, हे एकदाच सांगतो. मातीत आधीपासून कोण कोण राहतं याची यादी मोठी आहे: बुरश्या, जिवाणू, सूत्रकृमी, गोगलगायीची अंडी. जुन्या झाडाला ती मंडळी सोसतात. नुकत्याच कापलेल्या काडीला खालच्या टोकाला उघडी जखम असते आणि अंगात नवीन काही बनवायला मोजकाच साठा असतो. शिवाय आमची धानाची माती चिकट. पाणी घातलं की ती बसते, आणि बसली की तिच्यातली हवा जाते. म्हणून मातीविना माध्यम. हे कारण मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं की त्यांच्या आजीने मातीतच लावला होता आणि तो गुलाब अजून आहे. त्या आजीचा गुलाब मला आजवर कोणी दाखवलेला नाही.

खरी अडचण काडीच्या स्वभावात आहे. झाडापासून तुटल्यावर तिला मुळं नसतात, म्हणून पाण्याची आवक जवळजवळ बंद होते. पानं मात्र आपला खर्च पुरता थांबवत नाहीत. ती हवेत पाणी सोडतच राहतात. त्यामुळे पानांभोवतीची हवा दमट ठेवावी लागते. खालच्या टोकाला याच्या नेमकं उलटं हवं. तिथे जखम भरायची असते, मग मुळांचे कोंब निघायचे असतात, आणि त्या कामाला प्राणवायू लागतो. पाण्याने गच्च झालेल्या माध्यमात प्राणवायू टिकत नाही. म्हणजे एकाच काडीला, एकाच भांड्यात, एकाच वेळी वर आषाढ पाहिजे आणि खाली फाल्गुन. ही मागणी ज्याने मंजूर केली त्याचा पत्ता मिळाला, तर माझा पहिला अर्ज त्याच्याकडे जाईल. तोवर बाकीच्यांकडे वळतो.

पहिला क्रमांक कोकोपीटच्या विटेचा. बालाघाट जिल्ह्यात नारळ देवळात फुटतो, झाडाला लागत नाही. ही वीट तमिळनाडूतून, पोल्लाचीच्या बाजूने येते. नारळाच्या सोडणातला काथ्या काढून घेतल्यावर जो भुगा उरतो, त्याचे एके काळी नुसते डोंगर पडून राहत. आता तोच भुगा धुऊन, वाळवून, दाबून विकतात. ६५० ग्रॅमची वीट पाण्यात टाकली की ८ ते ९ लिटर माल होतो. वेष्टनावर तीन गोष्टी छापलेल्या असतात: निर्जंतुक, रोगमुक्त, आणि एक गोरंपान कुटुंब, जे पांढरे कपडे घालून, हसत हसत झाड लावतं आहे. त्या कुटुंबात कोणाच्याही नखात काही गेलेलं नाही.

वीट कारखान्यातून निर्जंतुक निघाली असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. पण ती फुगवायला पाणी लागतं, पाण्याला बादली लागते आणि बादलीला आमच्या घराची हवा लागते. हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये बुरशीचे बीजाणू शेकड्यांनी तरंगत असतात, पावसाळ्यात हजारांनी. ते भिजलेल्या भुग्यावर उतरतात. भुगा जितका निर्जंतुक, तितकी त्यांची सोय जास्त, कारण तिथे अडवायला आधीचं कोणीच नसतं. थोड्याच दिवसांत वर पांढरी लव दिसते. वेष्टन पुन्हा वाचावं तर त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: कोरड्या व थंड जागी ठेवावे. जुलै महिन्यात खैरलांजीत कोरडी आणि थंड जागा कुठे आहे, हे मला कोणी दाखवलं तर मी काडी तिथे ठेवीन आणि स्वतःही तिथेच राहायला जाईन.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितलं पाहिजे की ही पांढरी लव बहुधा निरुपद्रवी असते. ती मेलेल्या गोष्टींवर जगते, भुग्यातलं उरलंसुरलं खाते आणि जिवंत काडीच्या वाटेला जात नाही. तिचा निरोप फक्त एवढा की वरचा थर वाळत नाहीये. पण ज्या ओलीत ती वाढते त्याच ओलीत तिच्या मागून दुसऱ्याही येतात, आणि त्या काडीच्या वाटेला जातात. म्हणून लव दिसली की पाणी कमी करायचं, वरचा पातळ थर चमच्याने काढून टाकायचा, झाकण थोडं उघडं ठेवायचं. घरात मात्र लव दिसली की एकच उपाय होतो: भांडं सगळ्यांना दाखवण्यासाठी आतल्या खोलीत आणलं जातं.

यात सरकारचीही एक बाजू आहे. १९५३ च्या कायद्याने केंद्र सरकारने कॉयर बोर्ड स्थापन केलं, मुख्यालय कोचीला. काथ्याचा भुगा आपणहून लवकर कुजत नाही, कारण त्यात लिग्निन फार. त्याचं खत व्हावं म्हणून या बोर्डाने 'पिथ प्लस' नावाचं विरजण काढलं. ते प्लुरोटसचं आहे, म्हणजे धिंगरी अळिंबीच्या कुळातली बुरशी. थोडा युरिया टाकायचा, ही बुरशी मिसळायची, ढीग ओला ठेवायचा, की भुग्याचं खत होतं. काम चांगलं आहे, उपयोगाचं आहे. पण देशाच्या एका टोकाला एक सरकारी संस्था नारळाच्या भुग्यावर बुरशी धरावी म्हणून शास्त्रीय प्रयत्न करते, आणि देशाच्या मधोमध मी चमचा घेऊन तीच खरवडत बसतो. आमचा एकमेकांशी पत्रव्यवहार नाही. पावसाळ्यात बाजारात सात्या नावाच्या रानअळिंब्या येतात तेव्हा तर लोक बुरशीसाठी रांग लावतात, भाव ऐकून निःश्वास टाकतात आणि तरीही घेतात. प्रतिष्ठा सगळी तिलाच.

दुसरा क्रमांक प्रेमाने पाणी घालणाऱ्यांचा. कोकोपीटचा नियम सोपा आहे. मूठभर घेऊन घट्ट पिळायचा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर तो माल काडीसाठी नाही. असा पिळून भरलेला भुगा, वर झाकण असेल तर, बरेच दिवस पाणी मागत नाही. पण तो वरून तपकिरी आणि कोरडा दिसतो, आणि आमच्या घरात कोरडं दिसणारं काहीही सहन होत नाही. सकाळी कोणीतरी जाता जाता तांब्याने घालतं. दुपारी कोणीतरी पिचकारीची बाटली घेऊन चार फवारे मारतं. ती बाटली आधी काच पुसायच्या निळ्या पाण्याची होती, हा मुद्दा वेगळा. संध्याकाळी शेजारच्या काकाजींना दया येते. विचारावं तर उत्तर ठरलेलं:

"सुकून राहिली होती ना जी, म्हणून घातलं थोडंसं."

थोडंसं हे माप आमच्या भागात अर्ध्या लोट्यापासून सुरू होतं. त्यात संध्याकाळचं पाणी सगळ्यात वाईट, कारण पान रात्रभर ओलं राहतं, आणि बुरशीच्या बीजाणूला पानात शिरायला नेमके तेवढेच ओले तास हवे असतात. पाणी द्यायचंच तर सकाळी द्यावं, आणि वरून न देता भांडं काही वेळ ताटलीतल्या पाण्यात ठेवून खालून द्यावं. मग ताटली रिकामी करावी. हे मी कागदावर लिहून छपरीत भिंतीला चिकटवलं होतं. त्या कागदावर आता बुरशी आहे.

तिसरा क्रमांक प्लास्टिकच्या पिशवीचा. दमट हवा राखण्यासाठी काडीवर पारदर्शक पिशवी घालतात किंवा पाण्याची बाटली कापून उपडी ठेवतात. बाटली बरी, कारण टोपण काढलं की वरून हवा खेळते. पिशवी मात्र आतून घामेजते आणि पानांना चिकटते. चिकटलेल्या जागी पान कधीच वाळत नाही. कडेने दोन-तीन काड्या उभ्या करून पिशवी पानांपासून लांब धरावी, आणि रोज थोडा वेळ उघडावी. हे उघडण्याचं काम घरात कोणालाही सांगितलं तर ते आठवणीने होतं. झाकण्याचं काम त्याच माणसाला सांगितलं तर तो बाहेर गेलेला असतो. त्यामुळे आमच्याकडच्या काड्या एक दिवस गुदमरतात आणि दुसऱ्या दिवशी वाळतात, म्हणजे सरासरी हवामान उत्तम आहे.

पिशवीखाली जी राखाडी, धुळीसारखी बुरशी धरते ती बोट्रायटिस सिनेरिया. तिला थंड आणि ओलसर दिवस आवडतात, म्हणून ती आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत येते; नेमकी तेव्हा, जेव्हा गुलाबाची छाटकलमं लावावीत असं सगळे सांगतात. ती आधी पिवळं पडलेलं पान, वाळलेली कळी, गळालेली पाकळी धरते आणि तिथून जिवंत भागात उतरते. म्हणून काडीवर एकही कळी ठेवू नये, खालची पानं काढावीत आणि गळालेलं पान त्याच दिवशी उचलावं. आमच्याकडे कळी खुडू दिली जात नाही. "राहू द्या ना, फूल येईल," म्हणतात. मुळं नसलेल्या काडीने फूल द्यावं ही अपेक्षा माणसांकडून तरी कोणी करत नाही. याच बुरशीला फ्रान्सच्या सोतेर्न भागात मान आहे. तिथले द्राक्षवाले ती घडांवर धरावी म्हणून शरद ऋतूत धुक्याची वाट बघतात आणि त्या सुकत्या द्राक्षांची गोड वाइन महाग विकतात. माझ्या जास्वंदीवर ती आली तेव्हा विचारपूस करायलाही कोणी आलं नाही.

पावसाळ्यातल्या बुरश्यांना असला मानमरातब नसतो. रायझोक्टोनिया काडीच्या बुडाला तपकिरी करते. स्क्लेरोशियम पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं पसरते आणि त्यात मोहरीच्या दाण्याएवढे गोळे ठेवून जाते, पुढच्या वर्षीची सोय म्हणून. पिथियममुळे बूड काळं आणि मऊ होतं आणि काडी ओढली की साल हातात येते. या पिथियमबद्दल माझी खास नाराजी आहे. शास्त्रज्ञांनी तिला खऱ्या बुरशीतून वगळलं आहे. तिचं नातं काही शैवालांशी लागतं म्हणे. वर्गीकरण बदललं म्हणून माझी काडी कुजायची थांबली असती तर मी त्यांचा सत्कार केला असता. प्रत्यक्षात झालं असं की बुरशीचं नेहमीचं औषध, कार्बेन्डाझिम, तिच्यावर चालत नाही, कारण ते खऱ्या बुरशीसाठी आहे. दुकानात मात्र सगळ्या कुजण्यावर तीच पुडी मिळते. आपण म्हणावं, "भाऊ, बूड काळं पडलंय." तो म्हणतो, "हे घ्या." आपण म्हणावं, "पानावर राखाडी आहे." तो म्हणतो, "हेच घ्या." निदानात इतकी एकवाक्यता मोठ्या दवाखान्यातही मिळत नाही.

त्याच पिशवीत तो ट्रायकोडर्माची पुडीही टाकतो, जैविक आहे म्हणून. ट्रायकोडर्मा ही बुरशीच, पण दुसऱ्या बुरश्यांना खाणारी. आमचे शेतकरी ती हरभऱ्याच्या बियाण्याला मर रोगासाठी चोळतात. गंमत अशी की ती कार्बेन्डाझिमने मरते. म्हणजे सकाळी मित्र सोडायचा आणि दुपारी त्याला औषध घालून मारायचा, आणि दोन्हींचे पैसे एकाच बिलात. दोन्हींपैकी एकच वापरावं हे कोणत्याही कृषी पदवीधराला माहीत असतं. गल्ल्यावर बसलेला माणूस त्या वर्गातून आलेला नसतो. आणखी एक: ट्रायकोडर्मा नीट वाढली की भुग्यावर हिरवी दिसते. ती दिसताच घरातलं कोणीतरी "बघा, फारच वाढली" म्हणून भांडंच उकिरड्यावर रिकामं करून येतं. पहारेकरी चोर समजून बाहेर काढला जातो आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं.

चौथा क्रमांक मोबाइलवरच्या उपायांचा. संध्याकाळी कोणी ना कोणी फोन पुढे करतं आणि म्हणतं, "हे पाहा, किती सोपं आहे." त्यात गुलाबाची काडी बटाट्यात खुपसतात आणि पुढच्याच चित्रात फुलांनी लगडलेलं झाड दिसतं. मधे बटाटा सडतो, ते चित्र कापलेलं असतं. कोणी काडीला मध लावतं. घट्ट मधात बुरशी वाढत नाही हे खरं, पण ओल्या भुग्यात गेल्यावर तो पातळ होतो आणि पातळ मध म्हणजे साखरेचं पाणी, म्हणजे बुरशीला फराळ. दालचिनीच्या पुडीत बुरशीला रोखणारं द्रव्य खरोखर असतं, पण ती वरच्या थरावर चिमूटभर टाकायची. उघड्या जखमेवर चोळली तर जखमच करपते. हळद तर आमच्याकडे विचारायच्या आधीच पडते. एकदा कोरफड, मध, दालचिनी, हळद आणि राख असं सगळं एकाच काडीला लावून झालं. ती काडी गेली, पण तिचा रंग फार चांगला होता.

मुळं फुटण्याची पावडर हा स्वतंत्र विषय आहे. तिच्यात इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं, संक्षेपाने आयबीए. अर्धपक्व काडीला साधारण १,००० ते ३,००० पीपीएमचं प्रमाण चालतं. ती थोडी कागदावर काढून घ्यायची, काडीचं टोक त्यात बुडवायचं आणि उरलेली फेकायची. डबीत ओली काडी बुडवली की पहिल्या काडीचा रोग पुढच्या सगळ्यांना मिळतो. माझ्या डबीत आजवर कोणाकोणाच्या काड्या बुडाल्या, हे मोजायचं मी सोडून दिलं आहे. शेजारधर्म आहे. ज्या ब्लेडने काडी कापायची ते स्पिरिटने पुसलेलं असावं, हेही मी सांगत असतो. आमच्या घरातलं ब्लेड जिऱ्याच्या पुड्या फोडायच्या कामावर आहे आणि त्याला तिथून सोडवणं शक्य नाही.

पाचवा क्रमांक बघणाऱ्यांचा. "मूळ फुटलं का पाहू," म्हणून काडी उपसून बघणारे. कोलियसला आठवडा-दोन आठवडे, गुलाबाला तीन ते पाच आठवडे लागतात, आणि या काळात काडी हलली की नुकते फुटू लागलेले कोंब तुटतात. प्रत्येक तुटलेला कोंब म्हणजे बुरशीला उघडलेलं दार. बघायचंच असेल तर पारदर्शक पेला घ्यावा, त्याला खाली भोकं पाडावीत आणि बाहेरून बघावं. हे सांगितल्यावर ते पारदर्शक पेल्यातूनही उपसून बघतात, कारण हातात घेतल्याशिवाय खात्री होत नाही. मग काडीला वर दोन हिरवी पानं फुटतात आणि सगळे माझं अभिनंदन करायला येतात. ती पानं काडीच्या पोटातल्या साठ्यावर आलेली असतात. खाली मूळ असेलच असं नाही. साठा संपतो, पानं माना टाकतात, आणि तेच सगळे समाचाराला येतात. दोन्ही वेळा चहा होतो.

या सगळ्यांत मनीप्लांटचा उल्लेख राहू नये. तो दारूच्या जुन्या बाटलीत, शेवाळलेल्या पाण्यात, खिडकीत वर्षानुवर्षं उभा असतो आणि त्याला काही होत नाही. त्याच्या खोडावर प्रत्येक पेऱ्याशी मुळांचे कोंब आधीच तयार असतात, एवढंच त्याचं शास्त्र. पण घरोघरी तो पुरावा म्हणून दाखवला जातो. "याला कुठे काय करतो आपण?" असं म्हणून वहिनी माझ्या बाटलीखालच्या काडीकडे बघतात. वनस्पतिशास्त्राचं जेवढं नुकसान बुरशीने केलं नसेल तेवढं मनीप्लांटने केलं आहे.

आता तक्रारींपैकी जी सगळ्यात मोठी, ती शेवटी ठेवली आहे. परलाइट म्हणजे ज्वालामुखीची काच. ९०० अंशांच्या आसपास तापवली की ती लाहीसारखी फुगते, म्हणून तिच्यात हवा भरपूर. ती आमच्या तालुक्यात मिळत नाही. मागवावी लागते, आणि येईपर्यंत तिची निम्मी पिठी झालेली असते. कोकोपीट पोल्लाचीहून येतं. आणि ज्या जिल्ह्यात हे सगळं मागवलं जातं, त्याला मध्य प्रदेशात धानाचं कोठार म्हणतात. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. धान भरडलं की वजनाच्या साधारण पाचवा भाग भुसा निघतो. वारासिवनीकडे जा, गोंदियाकडे जा, राइस मिलच्या मागे भुशाचे ढीग आहेत. हा भुसा अर्धवट जाळला, म्हणजे काळा झाला पण पांढरी राख झाली नाही, की जे उरतं ते काडीसाठी उत्तम माध्यम असतं. आगीतून निघालेलं असल्यामुळे बुरशीमुक्त, हलकं, हवा खेळणारं, पाणी धरून न बसणारं. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रोपांसाठी वापरतात. करायला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, वर नळकांडं, आत विस्तव, भोवती भुसा. वरचा थर काळा पडत आला की उलथायचा आणि पाणी मारून विझवायचा. मग एकदा-दोनदा धुवायचा, कारण राखेचा खार राहतो. त्यात निम्मी धुतलेली रेती मिसळली की झालं.

हे मी मांडलं तेव्हा एकाने विचारलं, "मग हे पाकिटात काहून नाही मिळत?" मला उत्तर देता आलं नाही. पाकिटात मिळत नाही म्हणून त्यावर कोणाचा विश्वास नाही. त्यावर पांढऱ्या कपड्यांतलं कुटुंब छापलेलं नाही.

रेतीचंही तसंच. वैनगंगेची जाडसर रेती छाटकलमाला जुन्या माळ्यांनी कायम वापरली. ती आमच्या दारावरून ट्रकांनी जाते, रात्रीबेरात्री जाते, शहरांतले बंगले तिच्यावर उभे राहतात. अर्धं घमेलं काडीसाठी मागितलं तर आधी कामाचा प्रकार विचारतात आणि मग हसतात. मिळालीच तर ती धुवावी लागते, आणि धुतल्यावर निर्जंतुक करावी लागते. त्यासाठी आमच्याकडचा उन्हाळा फुकट आहे: ओलसर रेतीचा पातळ थर पारदर्शक पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून मे महिनाभर गच्चीवर ठेवायचा, नवतप्यात, म्हणजे सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर आत हात लावता येत नाही. उन्हानेच बहुतेक सगळं मरतं. अट एकच, पॉलिथिन उघडायचं नाही. पण मे महिन्यात गच्चीवर पसरलेलं पॉलिथिन दिसलं की त्यावर कुरड्या वाळत पडतात. त्या उचलायला सांगण्याची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नाही, आणि खरं सांगायचं तर त्या कुरड्या फार चांगल्या वाळतात.

निकाल असा. काडीला बुरशीने मारलेलं क्वचित असतं. बहुतेक वेळा तिला जास्तीचं पाणी, कोंडलेली हवा आणि वेळीच न उचललेलं पिवळं पान मारतं, आणि या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातून, चांगल्या मनाने होतात. औषधाची पुडी यातल्या एकीवरही चालत नाही. तेव्हा वाचकांना नम्र विनंती: कोणाच्याही छपरीत बाटलीखाली झाकलेली काडी दिसली, ती कितीही केविलवाणी वाटली, तरी तांब्या हातात घेऊ नका, बाटली उचलू नका, काडी उपसू नका. घरच्यांची खुशाली विचारा, चहा घ्या आणि जा.